हत्तीचा पट, तंबूचा सांगाडा आणि श्रीखंडे ग्राफ: अंतरावरची नियमितता आणि ग्राफांचे गुणाकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफ थिअरीचा पेपर शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही तासाला येतात, बरेचसे तास संपल्यावर दारात अडवून. ते इथे एकत्र केले आहेत.

शब्दांबद्दल थोडंसं: बिंदू म्हणजे शिरोबिंदू, दोन बिंदूंना जोडते ती कड, कडेने जोडलेले ते शेजारी, आणि शेजाऱ्यांची संख्या ती डिग्री. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जायला कमीत कमी जितक्या कडा ओलांडाव्या लागतात तितकं त्यांच्यातलं अंतर. ग्राफ सांत (मोजक्या बिंदूंचे) आणि सलग (एकाच तुकड्याचे) धरले आहेत. तसं नसेल तिथे सांगेन.

सगळ्यांची डिग्री सारखी असली की ग्राफ नियमित. मग ‘अंतरावरून नियमित’ हे आणखी काय?

डिग्री पहिल्या पावलाचा हिशेब ठेवते. दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला काय होतं त्याबद्दल ती गप्प असते.

दोन ग्राफ घ्या. पहिला त्रिकोणी तंबूचा सांगाडा: पुढे एक त्रिकोण, मागे एक त्रिकोण, आणि समोरासमोरचे कोपरे जोडणारे तीन बांबू. दुसरा तीन घरं आणि तीन विहिरींचा: प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीला वाट. दोन्हींत ६ बिंदू, ९ कडा, सगळ्यांची डिग्री ३. कुठल्याही बिंदूवर उभं राहून मोजलं तर स्वतः १, एका पावलावर ३, दोन पावलांवर २. दोन्हीकडे आकडे तेच.

आता जरा जवळून पाहा. घर-विहिरीच्या ग्राफात कुठलेही दोन शेजारी घेतले तरी त्यांचा सामाईक शेजारी एकही नाही. तंबूत मात्र त्रिकोणावरच्या दोन शेजाऱ्यांना एक सामाईक शेजारी आहे, आणि बांबूच्या दोन टोकांना एकही नाही. अंतर दोन्ही वेळा १, पण आजूबाजूची परिस्थिती वेगळी. म्हणून घर-विहिरीचा ग्राफ अंतर-नियमित आणि तंबू नाही.

नेमकी व्याख्या अशी. क वर उभे राहा आणि i अंतरावरचा ख घ्या. ख च्या शेजाऱ्यांचे तीन गट पडतात: क पासून एक पाऊल अलीकडचे, ख च्या बरोबरीचे आणि एक पाऊल पलीकडचे. या तिन्ही गटांची संख्या फक्त i वरून ठरत असेल, क आणि ख कोण आहेत यावरून नाही, तर ग्राफ डिस्टन्स-रेग्युलर, मराठीत अंतर-नियमित. अलीकडचे, बरोबरीचे, पलीकडचे हे तीन शब्द पुढे सारखे लागणार आहेत.

पुस्तकात याच्या आसपासची चार-पाच नावं येतात. त्यांचा क्रम काय?

शिडी समजा. खालच्या पायरीवर डिस्टन्स-बॅलन्स्ड, म्हणजे अंतर-संतुलित. त्याच्या वर डिस्टन्स-डिग्री-रेग्युलर: प्रत्येक बिंदूपासून १, २, ३... अंतरावर किती बिंदू आहेत याची यादी सगळ्यांची एकच. त्याच्या वर अंतर-नियमित. सगळ्यात वर डिस्टन्स-ट्रान्झिटिव्ह: समान अंतराच्या कुठल्याही एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर नेणारी ग्राफची एखादी सममिती असलीच पाहिजे. वरची पायरी गाठली की खालच्या आपोआप मिळतात, उलट नाही. तंबू दुसऱ्या पायरीवर थांबतो.

व्यास (कुठल्याही दोन बिंदूंतलं जास्तीत जास्त अंतर) २ असलेल्या अंतर-नियमित ग्राफाला स्ट्राँगली रेग्युलर म्हणतात. हे नाव आर. सी. बोस यांनी १९६३ मध्ये दिलं. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. ती शेतीच्या प्रयोगांत कुठलं वाण कुठल्या वाफ्यात लावायचं याच्या आखणीतून आली. बोस आणि नायर यांचं १९३९ चं काम त्याच धाटणीचं.

‘अंतर-संतुलित’ म्हणजे नेमकं काय संतुलित?

कुठलीही एक कड घ्या आणि तिच्या दोन टोकांवर चहाच्या दोन टपऱ्या टाका. गावातला प्रत्येक जण जवळच्या टपरीवर जाणार; दोन्ही सारख्याच लांब असतील तर तो तटस्थ, घरीच चहा घेणार. दोन्ही टपऱ्यांना सारखीच गिऱ्हाइकं मिळाली, आणि असं प्रत्येक कडेला झालं, तर ग्राफ संतुलित.

यातली गंमत अशी की कडांची ही अट बिंदूंच्या एका सोप्या अटीत बदलते. प्रत्येक बिंदूची ‘अंतर-बेरीज’ काढा, म्हणजे बाकी सगळ्यांपर्यंतच्या अंतरांची बेरीज. क आणि ख शेजारी असतील तर कुठल्याही तिसऱ्या बिंदूपासून त्यांच्या अंतरांत फरक फार तर १ चा. म्हणून क ची बेरीज वजा ख ची बेरीज बरोबर ‘ख ची गिऱ्हाइकं वजा क ची गिऱ्हाइकं’. ग्राफ सलग असल्यामुळे प्रत्येक कडेला संतुलन आणि सगळ्यांची अंतर-बेरीज सारखी, या दोन गोष्टी एकच झाल्या. अशा गावात दुकान कुठेही टाका, लोकांची एकूण पायपीट तेवढीच.

ही कल्पना हांडा यांच्या १९९९ च्या कामात आहे. नाव २००८ मध्ये स्लोव्हेनियाच्या क्लावझार आणि सहकाऱ्यांनी रुजवलं. गुणाकारांबाबतचे महत्त्वाचे निकाल २००९ चे आहेत आणि त्यात केरळचे कण्णन बालकृष्णन आणि मनोज चांगट यांचा वाटा आहे.

संतुलित ग्राफात डिग्री सारखी असतेच ना?

नाही. डिग्री वेगवेगळी असूनही संतुलित असलेला ग्राफ ९ बिंदूंतही सापडतो. पण व्यास २ असेल तर मात्र डिग्री सारखीच: n बिंदूंच्या ग्राफात अंतर-बेरीज २(n−१) वजा डिग्री इतकी येते, मग बेरीज सारखी म्हणजे डिग्रीही सारखी. अपवाद शोधायचा तर व्यास ३ पासून पुढे शोधा; त्याआधी वेळ घालवू नका.

ग्राफांचा गुणाकार म्हणजे काय? नेमके किती प्रकार?

मुख्य चार, आणि चारांपैकी तीन बुद्धिबळाच्या पटावर दिसतात. सगळ्यांत बिंदू म्हणजे जोड्या: पहिला घटक ग मधून, दुसरा ह मधून.

कार्टेशियन गुणाकारात एका वेळी एकाच घटकात हलायचं. दोन पूर्ण ग्राफांचा (ज्यांत प्रत्येक जण प्रत्येकाचा शेजारी) कार्टेशियन गुणाकार म्हणजे हत्तीची चाल: आडवं नाही तर उभं, हवं तितकं. इथे अंतरांची बेरीज होते.

स्ट्राँग गुणाकारात एका किंवा दोन्ही घटकांत एकदम हलता येतं. दोन सरळ मार्गांचा स्ट्राँग गुणाकार म्हणजे राजाची चाल. अंतर म्हणजे दोन अंतरांपैकी मोठं.

डायरेक्ट गुणाकारात दोन्ही घटकांत हलावंच लागतं, नुसतं एकात चालत नाही. सरळ मार्गांवर तो एकेक घर चालणारा उंट. उंट पांढऱ्या घरांवरून काळ्या घरांवर जाऊ शकत नाही, म्हणून हा गुणाकार तुटून दोन तुकडे होतो. १९६२ मध्ये वाइक्सेल यांनी सिद्ध केलेला सर्वसाधारण निकालही याच वळणाचा आहे: दोन सलग ग्राफांचा डायरेक्ट गुणाकार सलग राहायला दोघांपैकी एकात तरी विषम लांबीचं चक्र हवं.

लेक्सिकोग्राफिकला पटावर जागा नाही. त्याला सोसायटी घ्या. ग चा प्रत्येक बिंदू एक इमारत, प्रत्येक इमारतीत ह ची एक प्रत. दोन इमारती शेजारी असतील तर त्यांतले सगळे एकमेकांना ओळखतात. एकाच इमारतीतले दोघे एकमेकांना ओळखत नसतील तरी शेजारच्या इमारतीतल्या कुणामार्फत दोन पावलांत पोचतात.

गुणाकार केल्यावर कुठली नियमितता टिकते?

खालच्या पायऱ्या बऱ्यापैकी टिकतात, वरची जवळजवळ कधीच नाही. कारणं एवढी सोपी आहेत की पाठ करू नका, मांडा.

कार्टेशियनमध्ये (ग, ह) जोडीची अंतर-बेरीज म्हणजे ह च्या बिंदूंची संख्या गुणिले पहिल्याची बेरीज, अधिक ग च्या बिंदूंची संख्या गुणिले दुसऱ्याची बेरीज. हे सगळीकडे सारखं राहायचं तर दोन्ही बेरजा आपापल्या जागी सारख्या हव्यात. म्हणून गुणाकार संतुलित म्हणजे दोन्ही घटक संतुलित, आणि उलटही. दुसऱ्या पायरीचंही तसंच: अंतरांच्या यादीची बहुपदी लिहा (i अंतरावर जितके बिंदू, तितका xⁱ चा गुणक). तंबू म्हणजे त्रिकोण गुणिले एक कड: त्रिकोण १+२x, बांबू १+x, गुणाकार १+३x+२x². वर मोजलेले १, ३, २ हेच.

स्ट्राँगमध्ये परिसर मोजा. i अंतराच्या आतले सगळे बिंदू हा i-परिसर धरला, तर गुणाकारातला परिसर म्हणजे घटकांच्या परिसरांचा सरळ गुणाकार. म्हणून अंतरांची यादी सगळीकडे सारखी असणं स्ट्राँग गुणाकारात दोन्ही बाजूंनी टिकतं. नुसतं संतुलन मात्र टिकेलच असं नाही. ज्या ग्राफात परिसर वेगवेगळे असून बेरीज तेवढी जुळलेली आहे, तिथे दुसऱ्या घटकाचे परिसर वजनासारखे चढतात आणि जुळलेली बेरीज बिघडते.

लेक्सिकोग्राफिकमध्ये बेरजेचे दोन भाग पडतात: इमारतींमधला आणि इमारतीच्या आतला. आतल्या भागात फक्त डिग्री दिसते, कारण आत अंतर १ किंवा २. म्हणून अट अशी: ग (किमान दोन बिंदूंचा) संतुलित आणि ह नियमित. ह तुटक असला तरी चालतो, हे पहिल्यांदा ऐकताना खटकतं.

डायरेक्टमध्ये चालींची सम-विषम लांबी आड येते, त्यामुळे इथे एका ओळीचं उत्तर नाही. काही सुंदर उदाहरणं आहेत: चार बिंदूंचा पूर्ण ग्राफ गुणिले एक कड म्हणजे घन, आणि पीटरसन ग्राफ गुणिले एक कड म्हणजे डेझार्ग ग्राफ. दोन्ही अंतर-नियमित.

दोन अंतर-नियमित ग्राफांचा कार्टेशियन गुणाकार अंतर-नियमित कधी?

हा खरा गाभ्याचा प्रश्न. उत्तर धक्का बसेल इतकं कडक आहे, आणि सिद्धता वहीच्या अर्ध्या पानात बसते.

दोन्ही घटकांत एकेक पाऊल सरकलेली जोडी घ्या. त्यांचं अंतर २. त्यांचे सामाईक शेजारी बरोबर दोन: आधी पहिल्यात सरका किंवा आधी दुसऱ्यात. म्हणून अंतर २ च्या प्रत्येक जोडीला दोनच सामाईक शेजारी हवेत, एकाच घटकात दोन पावलं गेलेल्या जोडीलासुद्धा. इथेच पंचकोन बाद होतो. त्यात दोन पावलांवरच्या बिंदूंना एकच सामाईक शेजारी असतो, म्हणून पंचकोन गुणिले पंचकोन अंतर-नियमित नाही, पंचकोन स्वतः असला तरी. षटकोनही बाद. चौकोन पास होतो.

पुढे तेच. एका घटकात एक पाऊल, दुसऱ्यात दोन: अलीकडचे १+२=३. म्हणून अंतर ३ ला अलीकडचे ३, आणि असंच i ला i. बरोबरीच्यांचंही तसंच. शेजाऱ्यांना λ सामाईक शेजारी असतील तर λ दोन्ही घटकांत एकच हवा. तंबू इथेच पडला, कारण त्रिकोणाचा λ १ आणि बांबूचा ०. मग अंतर i ला बरोबरीचे iλ. सगळ्यात दूरच्या बिंदूला पलीकडचा कुणी नाही, म्हणून डिग्री बरोबर व्यास गुणिले (λ+१).

हे सगळे आकडे एका ओळखीच्या कुटुंबाचे आहेत. q अक्षरांच्या लिपीत d लांबीचे शब्द लिहा आणि एकाच जागी फरक असलेले दोन शब्द जोडा. हा हॅमिंग ग्राफ, q = λ+२. त्रुटी दुरुस्त करणाऱ्या कोडवर हॅमिंग यांचा लेख १९५० चा, नाव तिथून. q=२ ला हा घन आणि त्याचे मोठे भाऊ, d=२ ला हत्तीचा पट.

म्हणजे हॅमिंग ग्राफ सोडून दुसरं काही चालतच नाही?

आकडे हॅमिंगचे हवेत, हे सिद्ध झालं. ग्राफ हॅमिंगचाच हवा, हे नाही. छत्तीस गुण जुळले म्हणून नवरा तोच असतो असं थोडंच आहे.

एगावा यांनी १९८१ मध्ये दाखवलं की q चारपेक्षा वेगळा असेल तर आकड्यांवरून ग्राफ ठरतोच. फक्त q=४ ला फट आहे, आणि त्या फटीत एक १६ बिंदूंचा ग्राफ बसला आहे: श्रीखंडे ग्राफ. तो १९५९ मध्ये शरदचंद्र श्रीखंडे यांच्या लेखात आला. n×n हत्तीचा पट आपल्या आकड्यांवरून ओळखता येतो, अपवाद फक्त n=४, आणि तिथेही अपवाद एकच. एवढा नेटका अपवाद गणितात क्वचित मिळतो.

श्रीखंडे ग्राफ काढायचा कसा?

रांगोळीचे ४×४ ठिपके काढा. प्रत्येक ठिपका उजवीकडच्या, वरच्या आणि उजवीकडे-वर तिरक्या ठिपक्याला जोडा. कडेला पोचलात की समोरच्या कडेने आत या, जुन्या मोबाइलवरच्या सापासारखं. प्रत्येकाला सहा शेजारी, एकूण ४८ कडा. सगळे तिरपे एकाच दिशेचे हवेत. मी पहिल्यांदा फळ्यावर काढला तेव्हा शेवटच्या रांगेतले दोन तिरपे उलटे गेले, आणि सामाईक शेजारी जुळेनात म्हणून पाऊण तास वर्गासमोर स्वतःच्याच आकडेमोडीवर संशय घेत बसलो. चूक पहिल्या बाकावरच्या मुलीने दाखवली.

आता मोजा. (०,०) चे शेजारी (१,०), (१,१), (०,१), (३,०), (३,३), (०,३). याच क्रमाने फिरलात तर प्रत्येक जण पुढच्याचा शेजारी आहे आणि शेवटचा पहिल्याचा. म्हणजे शेजाऱ्यांचा एक षटकोन. हत्तीच्या ४×४ पटावर कुठल्याही घराचे सहा शेजारी दोन सुट्या त्रिकोणांत पडतात: रांगेतले तीन आणि स्तंभातले तीन. दोन्हीकडे कुठल्याही दोन बिंदूंना बरोबर दोन सामाईक शेजारी, मग ते दोघे शेजारी असोत वा नसोत. आकडे शब्दशः तेच, पण षटकोन आणि दोन त्रिकोण यांच्यात घोटाळा होऊ शकत नाही. ग्राफ दोन आहेत.

श्रीखंडे ग्राफ शिडीच्या वरच्या पायरीवर का पोचत नाही?

(०,०) पासून दोन पावलांवर नऊ बिंदू आहेत. (२,०) घ्या: सामाईक शेजारी (१,०) आणि (३,०), आणि ते एकमेकांचे शेजारी नाहीत. (१,२) घ्या: सामाईक शेजारी (०,१) आणि (१,१), आणि ते एकमेकांचे शेजारी आहेत. म्हणजे अंतर २ च्या जोड्या दोन जातींच्या. कुठलीही सममिती एका जातीला दुसऱ्या जातीत नेणार नाही. नवांपैकी तीन पहिल्या जातीचे, सहा दुसऱ्या. अंतर-नियमित असून डिस्टन्स-ट्रान्झिटिव्ह नसलेला हा सगळ्यात लहान ग्राफ.

हे श्रीखंडे तेच का, ऑयलरची अटकळ मोडणारे?

तेच. जन्म १९ ऑक्टोबर १९१७, सागर, शिक्षण नागपुरात, डॉक्टरेट १९५० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून बोस यांच्याकडे. १९६३ पासून मुंबई विद्यापीठात, गणित विभाग त्यांनी उभा केला. २१ एप्रिल २०२० रोजी १०२ व्या वर्षी गेले.

ऑयलरने १७८२ मध्ये म्हटलं होतं की ६, १०, १४, १८ अशा आकारांना एकमेकांशी लंब असलेले दोन लॅटिन चौकोन मिळणार नाहीत. लॅटिन चौकोन म्हणजे प्रत्येक रांगेत आणि स्तंभात प्रत्येक अंक एकदाच. सुडोकू सोडवणाऱ्यांना हे सांगायला नको. दोन चौकोन एकमेकांवर ठेवल्यावर अंकांची प्रत्येक जोडी एकदाच आली तर ते लंब. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ ला असे चौकोन बांधले, पार्कर यांनी १० ला, आणि मग तिघांनी मिळून दाखवलं की ६ सोडून या सगळ्या आकारांना ऑयलर चुकला होता. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी होती.

ऑयलरचं काम आणि हा ग्राफ यांचा काही संबंध, की नुसता योगायोग?

संबंध आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच. पाठ्यपुस्तकं ती एका ओळीच्या सरावप्रश्नात उरकतात, याचा मला राग येतो.

हा चौकोन घ्या:

१ २ ३ ४
२ ३ ४ १
३ ४ १ २
४ १ २ ३

१६ घरं हे बिंदू. ज्या दोन घरांची रांग वेगळी, स्तंभ वेगळा आणि अंकही वेगळा, ती जोडा. प्रत्येक घराला सहा शेजारी येतात, आणि हा श्रीखंडे ग्राफ आहे.

या चौकोनाला लंब जोडीदार हवा असेल तर आधी अशी चार घरं निवडता आली पाहिजेत की रांगा चारही वेगळ्या, स्तंभ चारही, अंक चारही. म्हणजे एकमेकांचे शेजारी असलेले चार बिंदू. तसे चार मिळाले तर त्यांतल्या एकाच्या शेजाऱ्यांत बाकीच्या तिघांचा त्रिकोण दिसायला हवा. पण शेजाऱ्यांचा षटकोन आहे, आणि षटकोनात त्रिकोण नसतो. संपलं. या चौकोनाला लंब जोडीदार नाही.

आता दुसरा चौकोन:

१ २ ३ ४
२ १ ४ ३
३ ४ १ २
४ ३ २ १

त्याच नियमाने जोडलात तर हत्तीचा ४×४ पट मिळतो. त्याच्या चार रांगा आणि चार स्तंभ म्हणजे अशा आठ निवडी. याला लंब जोडीदार आहे. रांगा, स्तंभ आणि अंक यांची अदलाबदल माफ केली तर ४×४ चे लॅटिन चौकोन मुळात हे दोनच, आणि त्यांचे ग्राफ म्हणजे वर आलेले दोन जुळे.

डूब ग्राफ कुठे येतात?

श्रीखंडे ग्राफाचा गुणाकार दुसऱ्या श्रीखंडे ग्राफाशी किंवा चार बिंदूंच्या पूर्ण ग्राफाशी करत राहा. हे डूब ग्राफ, १९७२ मध्ये मायकल डूब यांनी अभ्यासलेले. बहुपदीवरून पटकन दिसतं: श्रीखंडे १+६x+९x², म्हणजे (१+३x)². पूर्ण ग्राफ १+३x. गुणाकार (१+३x)³, ६४ बिंदू, यादी १, ९, २७, २७. चार अक्षरी लिपीत तीन लांबीच्या शब्दांचीही हीच. कार्टेशियन गुणाकार अंतर-नियमित असेल तर तो हॅमिंग नाहीतर डूब.

संगणकावर तपासता येतं का?

येतं. प्रत्येक बिंदूपासून रुंदीप्रथम शोध चालवा. सगळी अंतरं हातात आली की संतुलन तपासणं म्हणजे नुसत्या बेरजा. पायथनच्या नेटवर्कएक्समध्ये अंतर-नियमिततेची तयार चाचणी आहे, सेजमॅथमध्ये श्रीखंडे ग्राफच तयार मिळतो.

सावध राहायची जागा एकच. दोन ग्राफ एकच आहेत का हे आकड्यांवरून ठरवू नका. श्रीखंडे आणि हत्तीचा पट यांच्या, शेजार दाखवणाऱ्या ०-१ मॅट्रिक्सची आयगेनमूल्यंही एकच: ६ एकदा, २ सहादा, −२ नऊदा. ग्राफ न्यूरल नेटवर्कवर काम करणाऱ्यांना ही जोडी पाठ असते, कारण शेजाऱ्यांना रंग देत जाणाऱ्या नेहमीच्या पद्धती, बिंदूंच्या जोड्यांना रंग दिले तरी, या दोघांत फरक करू शकत नाहीत. षटकोन पाहणाऱ्याला तो दोन मिनिटांत कळतो.

याचा व्यवहारात उपयोग?

रसायनशास्त्रात अंतर-बेरजा जुन्या आहेत. हॅरी वीनर यांनी १९४७ मध्ये पॅराफिनांच्या उत्कलनबिंदूंचा संबंध रेणूतल्या अंतरांच्या बेरजेशी जोडला. २०१८ मध्ये आलेला मोस्टार निर्देशांक टपऱ्यांच्या गिऱ्हाइकांमधला फरक प्रत्येक कडेवर घेऊन त्यांची बेरीज करतो; तो शून्य असेल तर ग्राफ संतुलित. हॅमिंग ग्राफांवर त्रुटी दुरुस्त करणाऱ्या कोडिंगचा सगळा डोलारा उभा आहे.

अंतर-नियमित ग्राफ एकूण किती आहेत?

अनंत. पण डिग्री ३ चे फक्त १३. डिग्री ३ किंवा जास्त अशी ठरवून टाकली की संख्या सांतच राहते, ही बानाई आणि इतो यांची अटकळ होती. तिची पूर्ण सिद्धता २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. यादी बनवणं ही निराळी गोष्ट. डिग्री ५७, व्यास २, बिंदू ३२५०, आणि त्रिकोण-चौकोन एकही नाही, असा ग्राफ असतो का, हे १९६० पासून लोंबकळत आहे.

परीक्षेत ‘गुणाकाराने अंतर-नियमितता टिकत नाही’ याला कुठलं उदाहरण लिहू?

तंबू. त्रिकोण अंतर-नियमित, एक कड अंतर-नियमित, गुणाकार नाही. आकृती काढा, एका त्रिकोणाची बाजू आणि एक बांबू ठळक करा, खाली सामाईक शेजारी १ आणि ० लिहा.